अंगठाभर जास्तीचं माप

इशरतभाभी खाडीकाठच्या राजिवड्यात कपडे शिवायच्या. त्यांच्याकडे पोराचा सदरा टाकला की आई निर्धास्त व्हायची, कारण भाभी शिवणीच्या आत भरपूर कापड राखून ठेवत. पोर वाढलं की उसवायचं, सोडायचं, पुन्हा टीप मारायची. त्या गल्लीतली निम्मी पोरं जुन्या शिवणीच्या गडद रेघा अंगावर मिरवत शाळेत जायची. ही बाई मोठ्या माणसांनाही सोडायची नाही. माझ्या सदऱ्यात एकदा कंबरेला बोटभर कापड आत दुमडलेलं सापडलं तेव्हा मी चिडलो. त्या म्हणाल्या, "सखारामभाऊ, आता चिडा. पुढच्या ईदला उसवायला तुमीच येणार." गेलो, नाही कसा!

त्यांचा नवरा इद्रीस माझा शाळेपासूनचा दोस्त. मी बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि तो जहाजावर गेला. तिथे एका गोव्याच्या खलाशाने त्याला गिटार शिकवली. रजेवर आला की संध्याकाळी पडवीत बसून वाजवायचा. तेवढा वेळ भाभींचं मशीन बंद. गिऱ्हाईक आलं तर हातानेच "उद्या ये" म्हणायच्या. १९९९ साली जहाजावर दोरखंडात त्याचा डावा हात सापडला. बोटं वाचली, पण दोन आखडली आणि पंजा पूर्वीसारखा फाकेना. इद्रीस कायमचा घरी आला, गिटार भिंतीला टांगली, आणि हळूहळू बोलणंही आटलं. मी त्याला हसवायला जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. माझा दोस्त डोळ्यांसमोर विझत होता आणि मला नुसता राग यायचा, कोणावर ते कळत नव्हतं.

तीन वर्षांनी भाभींचा भाऊ अनस शारजाहून रजेवर आला. त्याने सांगितलं की इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा बारीक असतात, दाबायला जोर लागत नाही. त्यातही लहान मापाची असते. तिच्या दांड्यावरच्या पट्ट्या जवळजवळ, म्हणजे बोटं कमी ताणावी लागतात. त्याच्या एका सोबत्याची अशी गिटार पडून फुटली होती, दांडा मात्र शाबूत होता. झालं! त्याच दुपारी इद्रीस झोपला असताना भाभींनी टेप काढून त्याच्या पंजाचं माप घेतलं. तो जागाच होता, डोळे मिटून पडून राहिला, हे त्याने मला फार नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दुकानात हजर. काउंटरवर वर्तमानपत्राचा कापलेला कागद पसरला. सदऱ्याचा कापतात तसा गिटारीचा खाका होता.

"दांडा अनस देतोय. बाकीचं जमवायचं. विजेचं तुमी करायचं."

"भाभी, मी रेडिओवाला. गिटारीतलं मला काय कळतं?"

"मला तरी कुटं कळतं? पण एकाच्या गळ्याला दुसऱ्याची कॉलर कशी बसवायची ता कळतं मला."

मग सुरू झाला तो जमवाजमवीचा खेळ. अनस परत गेल्यावर एकेक वस्तू पाठवायचा, गावी येणाऱ्या कोणाच्या तरी सामानातून, खजुराच्या डब्यात नाहीतर साबणाच्या वड्यांमध्ये लपेटून. पहिल्यांदा चादरीत गुंडाळून दांडा आला, मग तारा पिळायच्या खुंट्या आल्या, तीन डाव्या आणि तीन उजव्या. आपल्या दांड्याला सगळी भोकं एकाच बाजूला. भाभींनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाल्या, "दोनी बाह्या एकाच खांद्याला लावायच्यात, आनि ह्यान समोरासमोरच्या पाठवल्यान." खुंट्या परत, बदल्यात एकाच बाजूच्या मागवल्या. मग पिकअप आलं, म्हणजे तारांखाली बसणारं ते चुंबक. मी मोठ्या तोऱ्यात डाग देऊन जोडणार, तोच भाभींनी त्याच्यावर सहा दोरे ताणून धरले. चुंबकाला चारच खिळे! चार तारांच्या मोठ्या वाद्याचं होतं ते. दोन तारा मुक्या राहिल्या असत्या. त्यानंतर त्यांनी अनसला दोऱ्यांच्या अंतराचा कागदच कापून पाठवला, आणि नेमकं आलं.

लाकूड भाट्ये गावच्या धाकूने दिलं. धाकू होड्या बांधणारा सुतार. त्याने फणसाची जुनी फळी काढली, भाभींच्या कागदावरून कापली आणि घासून घासून अशी पिवळीधमक केली की मीच दोनदा हात फिरवला. शेवटी राहिली घोडी, जिच्यावरून तारा खाली उतरतात ती. दांडा ज्या गिटारीचा, तिच्यात दांड्याच्या वरच्या टोकापासून घोडी किती लांब होती ते माप अनसने कळवलंच होतं. धाकूने पेन्सिल टेकवली.

"वैनी, हितंच ना?"

भाभी क्षणभर त्या खुणेकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "अंगठाभर मागं घे."

मी तिथेच उभा होतो. मला वाटलं, बाईला माहीत असेल.

इद्रीसला हे सगळं दिसत होतं. मशीनशेजारी गिटारीची हाडं पडली असताना घरात लपणार काय? तो एकदाच बोलला होता, "ह्याच्यावर नाय वाजला, तर ती भिंतीवरची पन देऊन टाक कोनाला. मग परत विषय काढू नको." भाभींनी मान हलवली होती. म्हणजे जे काय होतं ते या एका गिटारीवर होतं, आणि ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

एका रविवारी दुपारी पडवीत मी जुन्या टेपरेकॉर्डरचा अ‍ॅम्प्लिफायर लावला. इद्रीसने तारा लावल्या, एकेक छेडून पाहिली. सुंदर आवाज! भाभी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. त्याने बोटं टेकवली. बोटं पोचली, पट्ट्यांवर बरोबर बसली. पण सूर निघाला तो जरा उतरलेला. तो दांड्यावरून पुढे सरकला तसा आणखी उतरला. अगदी पुढे गेल्यावर तर मलासुद्धा कान झाकावेसे वाटले. त्याने तीनदा चारदा प्रयत्न केला. मग गिटार बाजूला ठेवली आणि डावा हात उलटासुलटा करून पाहिला.

"बोटं पोचतात, पन सूर नाय धरत," तो म्हणाला. "हात गेला माजा, इशरत."

मी वायरी गुंडाळल्या आणि घरी आलो. जेवलो नाही, बायकोने विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

पुढे काय झालं ते भाभींनी सांगितलेलं. सकाळी त्या एका झंपरासाठी पाठीचा मध्य काढत होत्या. कापड दुमडायचं, घडी पडते तो मध्य. घडीवर बोट ठेवलं आणि नजर भिंतीवरच्या जुन्या गिटारीकडे गेली. उठल्या, तिच्यावर वरच्या टोकापासून घोडीपर्यंत दोरा धरला आणि दुमडला. घडी बरोबर त्या पट्टीवर आली जिथे दोन ठिपके असतात. मग नव्या गिटारीवर दोरा धरला. घडी ठिपक्यांच्या पट्टीच्या खाली, घोडीकडे गेली; म्हणजे घोडीच लांब बसली होती.

मी दुकानाची फळी काढत होतो तर भाभी धावत येताना दिसल्या. हातात दोरा, डोक्यावरची ओढणी खांद्यावर. मला वाटलं इद्रीसला काही झालं.

"भाऊ, चूक माजी हाय!" रस्त्यातूनच ओरडल्या. "त्यांचा हात चांगला हाय! चूक माजी हाय!"

माझ्या दुकानात बिघडलेल्या वस्तू घेऊन माणसं येतात आणि चूक कायम दुसऱ्याची असते. स्वतःची चूक सापडली म्हणून एवढी आनंदलेली बाई मी जन्मात पाहिली नव्हती. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली.

धाकूने त्याच दिवशी घोडी काढून पेन्सिलच्या पहिल्या खुणेवर बसवली. स्क्रूची जुनी भोकं मागे उघडी राहिली. संध्याकाळी इद्रीस बसला, आधी नकोच म्हणत. पहिला सूर बरोबर आला. तो पुढे सरकला. बरोबर! ठिपक्यांच्या पट्टीवर बोट ठेवून त्याने तार छेडली आणि मोकळ्या तारेचाच सूर वर चढून खणखणीत उमटला. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. वाजवत राहिला. जुनं, रजेवर आल्यावर वाजवायचा तेच. आत मशीन थांबलेलं होतं.

संपल्यावर धाकू म्हणाला, "ती भोकं बुजवतंय मी, पॉलिश मारला की दिसनार पन नाय."

इद्रीस त्या भोकांवरून बोट फिरवत होता. "इशरत," त्याने विचारलं, "अनसने माप दिला होता ना? मग अंगठाभर जास्ती कशाला सोडलास?"

भाभी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "उद्या तुमचा हात आनकी उघडला असता तर? मला वाटला, तवा लहान पडायला नको."

इद्रीसने गिटार पुन्हा मांडीवर घेतली.

"धाकू," तो म्हणाला, "भोकं बुजवू नको."