हाताने केल्यासारखं

आमच्या मोठ्या काकूला अख्खी इमारत काटकोन म्हणते. हे नाव काकाने, म्हणजे तिच्या सख्ख्या नवऱ्याने ठेवलं आणि ठेवून झाल्यावर पेपरात तोंड खुपसलं. काकूने तो पेपर त्याच्या हातातून काढून घेतला, कडेला कड जुळवून नीट घडी घातली आणि परत दिला. बातमी अर्धीच वाचून झाली होती. लग्नानंतर माणसाला अर्ध्या बातमीवर भागवता येतं, असं काकाचं म्हणणं आहे.

काकूची उभी हयात खोक्यांच्या कारखान्यात गेली. औषधांची खोकी, बुटांची खोकी, साबणाची खोकी. पुठ्ठा दुमडायचा, घडीवरून पट्टी ओढायची, कोपरा दाबायचा, पुढचा घ्यायचा. मग कारखान्यात मशीन आलं. ते बसवायला आलेल्या माणसाने नमुना म्हणून काकूचं एक खोकं समोर ठेवलं आणि मशीन त्या खोक्याबरहुकूम जुळवलं. जुळलं तशी काकूला घरी पाठवलं. काकू हे अभिमानाने सांगते. ऐकणाऱ्याला हळहळावं की शाबासकी द्यावी ते कळत नाही, म्हणून बहुतेक लोक पाणी मागतात.

घरी बसल्यावर तिचे हात शिवशिवायला लागले. आधी तिने स्वतःच्या घरातल्या सगळ्या टॉवेलांच्या घड्या बदलल्या. मग ती आमच्या घरात आली. आम्ही शेजारच्याच दारात राहतो, मधे एक भिंत आहे, पण त्या भिंतीचा म्हणावा तसा उपयोग कधी झाला नाही.

आमच्या घरात माझी आई असते. आई ही काकूची धाकटी जाऊ, आणि तिचं सरळ रेषेशी जन्माचं वैर. आईने लावलेलं कॅलेंडर बघितलं की घर एका बाजूने खचतंय की काय अशी शंका येते. तिने घडी घातलेली चादर हे एक गाठोडं असतं. काकू यायची, कॅलेंडर सरळ करायची, चादर उकलून परत घालायची आणि भिंतीकडे बघून म्हणायची, "काही लोकांना दोन हात मिळतात, पण कशाला मिळाले ते कुणी सांगत नाही." मग आई गॅसच्या शेगडीला सांगायची, "काही लोक पोटातूनच फूटपट्टी गिळून येतात." भिंत आणि शेगडी यांचं हे संभाषण मी लहानपणापासून ऐकत आले आहे. दोघींचं भांडण असं कधी झालं नाही. भांडायला समोरासमोर बोलावं लागतं.

मग काकू कागदाकडे वळली. कुणीतरी काकाला काहीतरी भेट दिलं होतं. काय दिलं होतं ते कुणालाच आठवत नाही, कारण काकूने भेट बाजूला ठेवली आणि वरचा कागद हातात घेतला. संध्याकाळपर्यंत त्या कागदाची डबी झाली होती. झाकण वरून नुसतं सोडायचं, ते आतली हवा सोडत आपल्या आपण हळूहळू खाली बसायचं. काकाने ते किती वेळा करून बघितलं, विचारू नका. त्यानंतर चुण्यांच्या लॅम्पशेड आल्या, भिंतीवर लावायची घड्यांची फुलं आली, भेटवस्तूंच्या डब्या तर किती आल्या त्याला गणतीच नाही. काकूकडे पाहुणा आला की त्याला बसायला जागा करून द्यावी लागायची.

मी काम करते त्या दवाखान्याच्या खाली भेटवस्तूंचं एक दुकान आहे. दारावर पाटी आहे, 'येथील प्रत्येक वस्तू हाताने घडवलेली'. मी काकूच्या वस्तू तिथे नेऊन दिल्या. काही दिवसांनी दुकानवाल्या बाईंनी काकूलाच बोलावून घेतलं. त्या गोड बोलणाऱ्या होत्या, त्यामुळे मुद्द्यावर यायला त्यांना वेळ लागला.

"काम सुंदर आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या. "पण ते हाताने केलेलं वाटत नाही."

"मग कशाने केलेलं वाटतं?"

"गिऱ्हाईक उलटं करून बघतात. खाली कंपनीचा छाप शोधतात. एक बाई तर मला म्हणाल्या, पाटी काढा नाहीतर माल काढा."

काकूने पाटीकडे बघितलं. पाटी किंचित डावीकडे झुकलेली होती. तिने ती सरळ केली.

"थोडं माणसाचं करा ना," बाई म्हणाल्या.

"म्हणजे वाकडं?"

"जरासं."

काकू घरी आली ती थेट कामाला बसली. हार मानणं तिच्या स्वभावात नाही. तिने वाकडी फुलं केली. प्रत्येक फुलाची तिसरी पाकळी वाकडी होती, प्रत्येक तिसरी पाकळी बरोबर तेवढीच वाकडी होती, आणि एकावर एक ठेवली तर सगळ्या वाकड्या पाकळ्या तंतोतंत जुळत होत्या. बाईंनी ती बघितली आणि म्हणाल्या की आता हे बिघडलेल्या मशीनवर केल्यासारखं वाटतंय.

त्या दिवशी काकू आमच्या दारात आली. कॅलेंडरकडे तिने बघितलं सुद्धा नाही. भिंतीकडेही नाही. ती चक्क आईकडे बघून बोलली.

"तुला वेळ असेल तर बसत जा जरा माझ्याकडे."

"कशाला?" आईने विचारलं.

"काम आहे."

"कसलं?"

काकूला शब्द सापडेना. "तुझ्यासारखं," ती म्हणाली.

आईने हात पुसले आणि गेली. तेव्हापासून त्यांची वाटणी ठरली. काकू घड्या घालायची, सगळं नेटकं करायची आणि शेवटी आईपुढे ठेवायची. आई एक कोपरा जरासा दाबायची, एखादी चुणी ढकलायची. तेवढा वेळ काकू खिडकीबाहेर बघायची. पहिल्या पहिल्यांदा ती डोळेच मिटायची, एखाद्याला इंजेक्शन देताना बाकीचे मिटतात तसे.

वस्तू खपायला लागल्या. गिऱ्हाईक म्हणायचं, बघा, मशीनला जमेल का हे? आईला याची चांगलीच चढली. ती चहाचा कप घेऊन बसायची, डबी फिरवून फिरवून बघायची आणि म्हणायची, "आज आतून येत नाहीये." काकू दात आवळून वाट बघायची. जिच्या चादरी तिने जन्मभर उकलल्या, तिचा आता मूड सांभाळायचा होता. आलिया भोगासी, ती काकाला म्हणाली. काका म्हणाला, मजा आहे. मग त्याने पेपर वाचला, आणि त्या दिवशी तो पूर्ण वाचून झाला, कारण काकूचं लक्षच नव्हतं.

मग हॉटेलवाला आला. गावात नवीन हॉटेल काढत होता. दुकानात लॅम्पशेड बघून थेट घरीच पत्ता काढत आला. त्याला खोल्याखोल्यांतून लॅम्पशेड हव्या होत्या.

"पण एक आहे," तो म्हणाला. "सगळ्या सरळ हव्यात. अगदी एकसारख्या. मला ती कलाबिला नको."

काकू त्याच्याकडे अशा नजरेने बघायला लागली की काकाने पेपर खाली ठेवला.

तो गेल्यावर काकू आईला म्हणाली, "तुला सुट्टी." आई घरी आली आणि बऱ्याच दिवसांनी शेगडीशी बोलली.

काकू दार लावून कामाला बसली. ती कधी दार लावत नसे. एके दुपारी मी तिला चहा द्यायला आत गेले. समोर कागद पसरलेला, उजव्या हातात घडी दाबायची पट्टी, आणि ती पट्टी टेबलावर टकटक करत होती. काकू ती वाजवत नव्हती. हातच थरथरत होता.

"बघतेस काय?" काकू म्हणाली. "टेबल हलतंय."

मी कागदाचा तुकडा दुमडून टेबलाच्या पायाखाली घातला. टेबल हलत नव्हतं. आम्ही दोघी पट्टीकडे बघत राहिलो. मी डॉक्टरांचं नाव काढलं तर तिने मला हाताने गप्प केलं. डाव्या.

"दाखवीन नंतर. पण तुझ्या आईला यातलं काही कळता कामा नये," ती म्हणाली. "सगळं गेलं तरी चालेल. कारखाना गेला, गेला. पण माझी कड वाकडी आली हे तिला कळलं तर मला या घरात तोंड दाखवायला जागा नाही."

मला फार वाईट वाटलं. मी आईला काही सांगितलं नाही.

लॅम्पशेड पोचवायला आम्ही तिघी गेलो. आई हॉटेल बघायला म्हणून आली होती. आत रंगाचा वास होता, शिडी उभी होती, तिच्यावर एक वायरमन. त्याने दोन लॅम्पशेड लावल्या. मालक चार पावलं मागे गेला आणि त्याने मान तिरकी केली. मान तिरकी केल्यावर त्याला बरं वाटलेलं दिसलं, कारण लॅम्पशेडही तशाच होत्या.

"ही झुकतेय," तो म्हणाला. "आणि ही पण." मग त्याने बाकीच्या एकेक काढून बघायला सुरुवात केली. "बाई, तुमचं काम असं नसतं म्हणून ऐकलं होतं."

काकूने उजवा हात पिशवीत घातला आणि आतच ठेवला.

"त्या माझ्या," आई म्हणाली.

मालकाने आईकडे बघितलं.

"मी केल्यात त्या. यांनी सुट्टी दिली होती, तरी मधेच जाऊन बसले. माझा हात वाईट आहे, घरात कुणालाही विचारा. कॅलेंडरसुद्धा धड लावता येत नाही मला. परत करून देतो सगळ्या."

मालकाने मुदत दिली. वायरमनने लावलेल्या दोन परत काढल्या. आम्ही सगळ्या लॅम्पशेड घेऊन बसने परत आलो. बसमध्ये कुणी बोललं नाही, आणि बोलण्यासाठी तिथे भिंत किंवा शेगडीही नव्हती.

घरी आल्यावर काकू खुर्चीत बसली. "खोटं का बोललीस?"

"मग काय बोलू?"

"तुला कसं कळलं, या तुझ्या नाहीत म्हणून तू म्हणालीस आणि माझ्या आहेत म्हणून..." काकूचं वाक्यही सरळ येईना.

"वहिनी, माझं वाकडं मी ओळखत नाही का?" आई म्हणाली. "मी दाबलं की कोपरा उजवीकडे सरकतो. लहानपणापासून सरकतोय. हे घडी घालतानाच हललंय. हे माझं नाही."

"कधीपासून माहीत आहे?"

"तुम्ही सुट्टी दिलीत त्याच्या आधीपासून. दुकानात गेलेल्या शेवटच्या डब्यांना मी हातच लावला नव्हता. लावायची गरजच पडली नाही. मी नुसती चहा पीत बसायचे."

काकूने विचारलं, "दुकानवाल्या बाई काय म्हणाल्या त्यांना?"

आईने माझ्याकडे बघितलं. सांगणं भाग होतं.

"म्हणाल्या, आजवरचं सगळ्यात सुंदर काम," मी म्हणाले.

"शी," काकू म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला रडताना कधी बघितलं नव्हतं. आईनेही नसावं, कारण ती आधी पाणी आणायला गेली, मग पाणी न आणताच परत आली आणि काकूचा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली. हात तिथेही हलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई काकूच्या टेबलाशी बसली. पट्टी आईच्या हातात, काकू शेजारी. आईचा हात मुळात वाईट, काकूचा आता वाईट, पण काकूचा डोळा अजून जागेवर होता. "डावीकडे घे. एवढी नाही. आता ओढ. ओढ म्हणाले, घासू नकोस. अंगठा काढ मधून." आईच्या हातचा कागद आधी चुरगळला, मग फाटला, मग नुसताच वाकडा आला. काकाने दाराशी येऊन बघितलं आणि शहाणपणाने परत गेला.

दिवस कलायला आला तेव्हा एक लॅम्पशेड उभी राहिली. आईच्या मानाने तो चमत्कार होता. काकूने ती हातात घेतली, डोळ्यांच्या रेषेत धरली, चुण्यांवरून नख फिरवलं. एका जागी नख अडखळलं. मी बघितलं. आईनेही बघितलं.

"चालेल," काकू म्हणाली.

हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आईनेही तो ऐकायची कितीतरी वर्षं वाट बघितली असणार. चादरीबद्दल, कॅलेंडरबद्दल, कशाहीबद्दल. मला वाटलं आता ती आनंदाने उठेल, चहा टाकेल. पण आईचा चेहरा एकदम उतरला. तिने लॅम्पशेड काकूच्या हातातून ओढून घेतली.

"चालेल काय?" ती म्हणाली. "नीट बघा. कुठे चुकलंय?"

"काही नाही गं. दमलीस तू."

"वहिनी, कुठे चुकलंय ते सांगा."

काकूने तिच्याकडे बघितलं.

"शेवटून चौथी चुणी," ती म्हणाली. "केसभर."

"मग आधीच सांगायला काय झालं होतं?" आईने लॅम्पशेड उकलली, कागद टेबलावर सपाट केला आणि पट्टी परत हातात घेतली.