सामायिक करायचे का?

सिद्धोधनला गप्प बसण्याचा पगार होता, आणि नेमकं तेवढंच त्याला जमलं नाही.

परभणीच्या विद्यापीठानं सगळ्यांसाठी मिळून मोबाइलवर एक कॅलेंडर काढलं होतं. कुठल्या विभागाचं शिबिर कधी, कोणते शास्त्रज्ञ कोणत्या गावात, कोणत्या गटाची शेतपाहणी कोणत्या तारखेला, सगळं एका जागी. गावातल्या लोकांनीही आपला कार्यक्रम आपल्याच हातानं त्यात टाकायचा, म्हणजे फोन करकरून कुणाचा जीव खायला नको. हे लोकांना वापरता येतं का, ते सिद्धोधननं पाहायचं होतं. माणसाच्या हातात फोन द्यायचा, काम सांगायचं आणि बाजूला बसायचं. मदत करायची नाही, बोट दाखवायचं नाही. माणूस कुठं अडतो तेवढं टिपायचं. त्याचे साहेब, भगवानराव सर, यांनी हे बजावून सांगितलं होतं.

आता तुम्हीच सांगा, आईच्या वयाचं माणूस फोनवर बोट धरून अडलंय आणि आपण शेजारी ढिम्म बसून राहायचं, हे काय खायचं काम आहे?

वालूरला चतुराबाईंच्या ओसरीवर हेच झालं. चतुराबाई बायांच्या बियाणे गटाच्या अध्यक्ष. नवरा गेल्यावर सामायिक जमिनीपायी दिराशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडून स्वतःचा हिस्सा वेगळा करून घेतलेली बाई. वाचायला उतारवयात शिकल्या. अक्षराला अक्षर जोडत वाचायच्या, पण कुणाकडून वाचून घ्यायच्या नाहीत. त्यांनी कार्यक्रमाचं नाव टाकलं, तारीख टाकली आणि पडद्यावर प्रश्न आला: ‘सामायिक करायचे का? हो / नको’.

बोट तिथंच थांबलं.

“सामायिक?” चतुराबाई म्हणाल्या. “न्हाई बापा! यात आता कुणाचा हिस्सा घालायलेत?”

बाया खो खो हसल्या. सिद्धोधनही हसला. “तसलं न्हाई ओ मावशी. सगळ्यायला दिसावं म्हणून हाय ते. दाबा ‘हो’, काय होत न्हाई.”

चतुराबाईंनी पडद्याकडं नाही, त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि ‘हो’ दाबलं.

बायांची खुरपणी खोळंबली होती, त्याला परतीची गाडी गाठायची होती, आणि कॅलेंडरच्या उद्घाटनाची तारीख तर आधीच ठरलेली. त्यानं लिहून टाकलं, अडचण आली नाही. काम झालंच की, असं मनाला समजावलं. मन काय, लगेच समजलं.

रब्बीत गटानं पहिल्यांदाच बियाण्यासाठी ज्वारी धरली. कणीस भरलं की शास्त्रज्ञांनी येऊन पाहणी करायची. त्यांनी पसंत केलं तर बियाणं, नाहीतर मोंढ्यात नेऊन विकायची साधी ज्वारी. चतुराबाईंनी पाहणीचा कार्यक्रम स्वतः कॅलेंडरात टाकला. घरी, एकटीनं. पुन्हा तोच प्रश्न आला. मागच्या वेळी सिद्धोधन सर शेजारी होते, ती नुसती परीक्षा होती. हे तर बायांच्या घामाचं खरंखुरं पीक. यात कुणाला सामायिक करायचं? त्यांनी ‘नको’ दाबलं. कार्यक्रम त्यांच्याजवळच्या गटाच्या फोनात राहिला, आणि कुठंच गेला नाही. त्यांना मात्र तो रोज दिसायचा, म्हणून त्या निर्धास्त.

ठरल्या दिवशी बाया वावराचा बांध झाडून, नवी लुगडी नेसून वाट पाहत बसल्या. शास्त्रज्ञ त्या दिवशी देवगाव फाट्याकडं दुसऱ्याच वावरात होते. संध्याकाळी चतुराबाईंचा फोन आला. “सर, आमचं काय चुकलं का?”

काय झालं असेल ते सिद्धोधनला बोलता बोलताच कळलं. ‘नको’ दाबल्यामुळं कार्यक्रम वर कुणाला दिसलाच नाही, तेवढं त्यानं त्यांना सांगितलं. पुढची तारीख मिळेपर्यंत पाखरांनी कणसं फोडायला घेतली, बायांनी काढणी केली आणि ज्वारी मोंढ्यात गेली. भगवानराव सर म्हणाले, “वापरणाऱ्याची चूक आहे. तसं लिहून टाक.” ते त्याच्यानं लिहवेना. त्यानं कॅलेंडर बनवणाऱ्यांना फोन लावला. चहा पिऊन होतोय तोवर तिथं ‘सगळ्यांना दाखवायचं का?’ असं आलं. इतकं सोपं होतं! ते सोपं होतं याचीच त्याला जास्त लाज वाटली.

तो वालूरला गेला. बाया जमल्या, त्याच्यापुढं ताट आलं. जेवणाआधीच बोलायचं ठरवून आला होता, तसा तो बोलला.

“मावशी, चूक तुमची न्हाई, मही हाय. त्या दिवशी तुमी त्या शब्दावर अडला होतात. ते मी वर सांगायला पायजे होतं. मी हसण्यावारी नेलं आन् अडचण न्हाई म्हणून लिहिलं.”

चतुराबाई बायांकडं वळल्या. “बगा गं! मही चूक सर आपल्या अंगावर घ्यायलेत. असं माणूस मिळंल का?”

“न्हाई मावशी, खरंच सांगायलोय मी...”

“ऱ्हाऊ द्या सर. किती सांभाळून घेताल मला? तुमी सांगितलं तसं ‘हो’ दाबलं असतं तर बायांचं वाटोळं झालं नसतं.” त्यांनी गटाचा फोन कमरेच्या पिशवीतून काढला आणि शेजारच्या मनिषाच्या मांडीवर ठेवला. “गटाचं आता ही बघंल. म्या अध्यक्षपद सोडलं. कोण्या तोंडानं बसू पुढं?”

सिद्धोधननं एकेकीकडं पाहिलं. कुणीतरी आपलं ऐकावं, निदान एकीनं तरी रागवावं, शिव्या द्याव्यात, असं त्याला वाटत होतं. सगळ्याजणी मायेनं त्याच्याकडंच पाहत होत्या. मनिषा उठली, तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

“खा सर,” ती म्हणाली, “लाजू नका.”