राखणदाराचे पाच ऊस

पुण्याहून एम.एस्सी. होऊन मॉरिशसला परतलो तेव्हा मला वाटलं होतं, नोकऱ्या माझ्यासाठी बंदरावर रांग लावून उभ्या असतील. मिळालं काय, तर ऊस संशोधन केंद्रात एका तोडणीपुरतं शिकाऊ काम. ते जमलं तर प्लास, म्हणजे पक्की नोकरी. नाही तर बों अक्योयला, आमच्या गावी, घरी. आईने आधीच गावभर सांगून टाकलं होतं की मुलगा साहेब झाला. त्यामुळे घरी परतायची मला भयंकर धास्ती होती.

माझ्याकडे प्रयोगाचं शेत दिलं होतं. बारा तुकडे, प्रत्येकात उसाची वेगळी जात. एकेका तुकड्यातला झाडून सगळा ऊस तोडायचा, वजन करायचं, वहीत लिहायचं. त्यावरूनच कुठली जात सरस ते ठरणार होतं.

तोडणीच्या दिवशी मजुरांसमोर जरा रुबाब दाखवावा म्हणून पहिला कोयता मीच घेतला. सहा नंबरचा ऊस सगळ्यात देखणा. त्यातले पाच तोडले, बांधावरच्या दगडापाशी ठेवले आणि हात जोडले. आमच्या मराठी घरांत पहिला ऊस शेताच्या राखणदाराचा. लहानपणापासून आईबरोबर मी हेच करत आलो होतो. जित्याची खोड, दुसरं काय! सहा नंबर काट्यावर चढला तेव्हा कुठे चूक ध्यानात आली: ते पाच ऊस वजनात नव्हतेच.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण खोटा आकडा लिहायला हात धजेना. मोठ्या साहेबांना सांगितलं. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत.

"अजून तिथेच असतील ना? घेऊन या," म्हणाले.

दगडापाशी मजुरांचा म्हातारा सरदार, म्हणजे मुकादम, उभा होता. तोही मराठीच.

"बाबू, देवाला दिल्यालं कोण परत घेतं काय?"

मी त्याच्याकडे न बघता पाचही ऊस उचलले आणि काट्यावर नेऊन टाकले. फार लाज वाटली. आकडा मात्र बरोबर आला.

पुढच्या आठवड्यात प्लास मिळाल्याचं पत्र आलं. आईने ते देवापुढे ठेवलं आणि विचारलं, "पयला ऊस राखणदाराला दिलास ना रे?"

"दिला," मी म्हणालो.

"मंग! म्हणून तर प्लास गावली."