काकांचा खुबा आणि दुबईचं हॉस्पिटल

आमच्या शेजारच्या काकांइतका चौकशी करणारा माणूस पडेगावात काय, अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाय, लावा पैज! एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले, पण डोक्यातलं वर्कशॉप अजून चालूच. काहीही घेताना एकच सवाल: "बिघडलं तर कुणाकडं यायचं?" मिक्सर घेताना हेच, चपला घेताना हेच. अहो, त्यांच्या पोरीला, म्हणजे आमच्या ताईला, बघायला आलेल्या पोरालासुद्धा भर बैठकीत विचारलं, "भांडण झालं तर हिनं कुणाकडं जायचं?" पोरगं घाबरून म्हणालं, "माझ्या आईकडं. ती माझी बाजू कधीच घेत नाय." काका खूश, लग्न तिथंच ठरलं!

तीच ताई आता दुबईत असते. इकडं काकांचा खुबा पार झिजला. दारातून नळापर्यंत जायचं म्हणजे लई हाल. डॉक्टर म्हणाले, खुबा बदलावा लागंल, नायतर कायमचं खुर्चीत. ताई हट्टालाच पेटली, "पप्पा, इकडं या, इथलं हॉस्पिटल तर बघा!" व्हिडिओ कॉलवर तिथल्या मॅडम, आणि दुभाषा म्हणून मी. काकांनी वहीत रकाने पाडलेले. मशीन? दुबईला मार्क. स्वच्छता? दुबईलाच. मग आला तो सवाल: "घरी आल्यावर महिन्यानं सुजलं तर?" मॅडम गोड हसून म्हणाल्या, मेल करा. काका मला म्हणतात, "इचार त्यांना, तापानं फणफणलेला माणूस मेलमधी कसा घालायचा?" मी याचं भाषांतर काय केलं ते विचारूच नका!

इथल्या डॉक्टरलाही सोडलं नाय हां. "असे खुबे किती बसवले? बिघडले किती?" डॉक्टरांनी न चिडता बिघडलेल्या दोघांचं सांगितलं, त्यांना परत कसं उभं केलं तेही सांगितलं. "खरं बोलतोय," काका म्हणाले आणि वही मिटली.

ताई फोनवर रडायलाच लागली. "हॉस्पिटलचं जाऊ द्या हो पप्पा. मला तिकडं यायला सुट्टी मिळत नाय. तुमच्या उशाशी बसायचं होतं मला." काकांनी मिटलेली वही परत उघडली. हा रकाना वहीत नव्हताच. मग म्हणाले, "ऑपरेशन इथं. पण चालायला लागलो की पहिलं तुझ्याकडं."

आणि चालले ना! काठी सुटली, डॉक्टरांनी विमानाला हो म्हटलं, परवा मीच त्यांना चिकलठाण्याला विमानतळावर सोडलं. व्हीलचेअर घेऊन आलेल्याला म्हणाले, "तूच बस बाबा, दमला असशील," आणि ताडताड आत निघाले. मी भर गर्दीत शिट्टी मारली! इतक्या वर्षांत त्यांना न लंगडता चालताना पहिल्यांदाच बघत होतो, आणि ते लांब लांब चालले होते.