उजव्या बाजूची गाठ

आठवीत असताना एकदा आंघोळ करताना उजव्या छातीवरून साबण फिरवला आणि कळ आली. वाटलं, क्रिकेट खेळताना चेंडू लागला असेल. बोटाने चाचपून पाहिलं तर बोंडाच्या खाली काहीतरी कडक हाताला लागलं. चिंचोक्याएवढं. दाबलं की जागच्या जागी सरकायचं आणि दुखायचं. डाव्या बाजूला तसं काहीच नव्हतं. मी पुन्हा उजवीकडे दाबलं, पुन्हा डावीकडे. बाहेरून मम्मी ओरडली, "पानी जाई राहिनं, लवकर नींघ!" मी साबण नीट न धुता घाईघाईने दोन तांबे ओतून घेतले आणि कपडे ओल्या अंगावरच घातले.

तेव्हा आम्ही सुरतेच्या गोडादऱ्यात राहायचो. पप्पा लूमच्या खात्यात कामाला. सुरतेत कारखान्याला खातंच म्हणतात. मम्मी घरी बसून साड्यांना लेस लावायची. आमच्या घरात गाठ हा शब्द कोणी साधा म्हणून वापरत नव्हतं. त्याला कारण आत्या.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. अमळनेरजवळ गावी राहायची. मी पाचवीत असताना तिला उपचारासाठी सुरतेला आणलं आणि ती आमच्याकडेच राहिली. तिच्या छातीत गाठ होती. ती तिने फार दिवस लपवली होती. आमच्याकडे आली तेव्हा पट्टीतून वास यायचा. मम्मी ती पट्टी बदलायची आणि मला गॅलरीत जायला सांगायची. गॅलरीतून आत्याचं कण्हणं ऐकू यायचं. सुरुवातीला ती माझ्याशी खूप बोलायची, गावाकडच्या म्हशींच्या गोष्टी सांगायची. मग बोलणं कमी झालं. मग ती फक्त बघायची. सरकारी दवाखान्यातून तिला शेवटी परत आणलं ते गावी नेण्यासाठीच. त्यानंतर घरी कोणी बाई आली की मम्मी हमखास सांगायची, "गाठ व्हती. लाजनामारे कोनले सांगं नही तिनी."

म्हणजे न सांगितल्याने काय होतं हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी सांगितलं नाही.

पप्पांचा फोन घरी असला की मी त्यावर शोधायचो. हिंदीत लिहायचो, छाती में गाँठ. जे काही यायचं ते सगळं बायकांबद्दल. चित्रंही बायकांची. मग माझ्या मनात दुसरी भीती शिरली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. हे बायकांना होतं, मग मला का झालं? माझ्या अंगात काय चाललंय? वर्गातल्या मुलांना मिशीची लव येत होती. माझ्या बरोबरचे दोघे तिघे एकदम उंच झाले होते. माझं मात्र हे. मी आरशासमोर शर्ट वर करून उभा राहायचो. उजवी बाजू डावीपेक्षा फुगलेली दिसायची. काही दिवसांनी डावीकडेही दुखायला लागलं. त्या दिवशी शाळेत मी दोन्ही हात छातीपुढे घेऊन बसलो. शोधलेलं सगळं मी फोनमधून पुसून टाकायचो, आणि तरी पप्पांनी फोन हातात घेतला की मी त्यांच्या बोटांकडे बघत राहायचो.

दोन पर्यायच डोक्यात फिरायचे. एक तर मी आत्यासारखा मरणार. नाहीतर मी मुलगी होणार. यातलं कुठलं बरं, याचाही मी विचार करायचो. मरण बरं, असं वाटायचं. मरण निदान लोकांना सांगता येतं.

शाळेचा शर्ट पांढरा आणि पातळ. मी खाली दोन बनियन घालायला लागलो. दप्तर पाठीवर न घेता पोटाशी धरायचो. खांदे पुढे घेऊन चालायची सवय लागली. पप्पा म्हणायचे, "सरळ चाल. म्हाताऱ्यासारखा काय वाकतोस?" एकदा पकडापकडीत एका मुलाने मागून येऊन मिठी मारली आणि मी इतक्या जोरात किंचाळलो की सगळे थांबले. "अबे, क्या हुआ?" त्याने विचारलं. मी म्हटलं, हात मुरगळला. त्यानंतर मी मैदानात जाणंच सोडलं.

पप्पा खात्यातून ग्रे कापडाचे तुकडे आणायचे. ग्रे म्हणजे रंगायला जाण्याआधीचं कोरं कापड. मम्मी त्या तुकड्यांनी शेगडी पुसायची. त्यातला एक लांब तुकडा मी काढला, पट्टी केली आणि छातीला घट्ट आवळून बांधली. वर बनियन, वर शर्ट. छाती सपाट दिसायला लागली. श्वास अर्धाच आत जायचा. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण सपाट दिसत होतं, तेवढं मला पुरत होतं. मम्मी विचारायची, "दम का लागस रे तुले?" मी म्हणायचो, पळत आलो.

मग धुळेटी, म्हणजे आपली धुळवड, जवळ आली.

आमच्या बिल्डिंगमधली मुलं धुळेटीला एकमेकांचे कपडे फाडायची. दरवर्षीचं ठरलेलं होतं. आधी रंग, मग शर्ट, मग बनियन. फाटलेले बनियन विजेच्या तारांवर फेकायचे. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः कितीतरी जणांचे फाडले होते. आता मला रोज तेच दिसायला लागलं. सगळ्यांनी मला घेरलंय, शर्ट गेला, बनियन गेलं, पट्टी सुटली. आणि सगळे बघतायत. खालून बायका बघतायत. मम्मी बघतेय. मला जेवण जाईना. ताप यावा म्हणून मी प्रार्थना केली. ताप आला नाही.

धुळेटीच्या सकाळी खातं बंद होतं, पप्पा घरीच होते. मुलं खालून हाका मारायला लागल्यावर मी चपला हातात घेऊन वर गच्चीवर गेलो. तिथे पाण्याच्या काळ्या टाक्या होत्या. दोन टाक्यांच्या मधल्या फटीत शिरून बसलो. टाकी उन्हाने तापली होती, पाठीला चटका बसत होता. पट्टी मी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त आवळली होती. खालचा आरडाओरडा ऐकू येत होता. आपलं नाव त्यात येतंय का, एवढंच मी ऐकत होतो.

नाव आलं. मग जिन्यात पावलं वाजली.

"इधर है! टंकी के पीछे!"

त्यांनी मला पाय धरून ओढून काढलं. मी लाथा मारल्या, चावलोही. त्यांना ती गंमत वाटली. मी नेहमी खेळायचो ना त्यांच्यात. एकाने हात धरले, एकाने शर्टाची कॉलर धरली, आणि बटणं तुटून गच्चीभर उडाली. बनियन फाटलं. दुसरं फाटलं. आणि मग सगळे थांबले.

कोणी हसलं नाही. मी डोळे मिटून हसण्याची वाट बघत होतो. डोळे उघडले तर ते पाचही जण माझ्या पट्टीकडे बघत होते. लाल-हिरव्या तोंडांत त्यांचे डोळे फार पांढरे दिसत होते. ज्याने माझी कॉलर धरली होती तो हळूच म्हणाला, "ऑपरेशन हुआ है क्या तेरा?"

 श्वासच येईना. मी तिथे गच्चीवर बसलो आणि तोंड उघडून हवा ओढायला लागलो. त्या मुलाने आपल्या हातातला माझा फाटका शर्ट माझ्या खांद्यावर टाकला.  मग तो जिन्याकडे पळाला आणि ओरडला, "अंकल! जल्दी आओ, इसको कुछ हो गया!"

पप्पा वर आले. मुलांना त्यांनी खाली जायला सांगितलं. माझ्यासमोर उकिडवे बसले आणि काहीही न विचारता पट्टीची गाठ सोडायला लागले. ती इतकी घट्ट होती की त्यांना नखं लावावी लागली. एक एक वेढा सुटत गेला आणि माझा श्वास पुरता आत गेला. छातीवर पट्टीचे लाल वळ उठले होते. पप्पांनी आधी ते पाहिले. मग फुगलेली बाजू पाहिली. त्यांनी दोन बोटं तिथे ठेवली आणि त्यांना गाठ लागली.

पप्पांचा चेहरा मी तोपर्यंत कधी घाबरलेला पाहिला नव्हता. आत्या गेली तेव्हाही नाही. त्यांचे ओठ पांढरे पडले.

"कधीपासून?"

"दिवाळीनंतर."

"आणि सांगितलं नाहीस?"

मी मान हलवली. ते मला मारतील असं वाटलं. त्यांनी मला उठवलं, आपला शर्ट काढून मला घातला आणि स्वतः बनियनवर जिना उतरले. माझा हात त्यांनी सोडला नाही. मला जरा दुखेल इतका घट्ट धरला होता.

सणामुळे दवाखाने बंद होते. तो पूर्ण दिवस आम्ही तिघं घरात बसून काढला. मम्मीने ऐकलं तेव्हा ती जमिनीवरच बसली. "का बरं सांगं नही रे माले?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. संध्याकाळी पप्पांनी गावी काकांना फोन लावला आणि कोणी उचलण्याआधी बंद केला.

दुसऱ्या दिवशी पप्पा मला स्कूटरवरून जवळच्या पर्वत पाटिया भागात घेऊन गेले. तिथे लहान मुलांच्या डॉक्टरबेन बसायच्या; गुजराती, हिंदी, मराठी तिन्ही मिसळून बोलायच्या. बाई डॉक्टर आहेत हे दारावरची पाटी वाचून कळलं आणि मी दारातच थांबलो. आत गेल्यावर पप्पांनी एका दमात सगळं सांगितलं, बहिणीचंही.  डॉक्टरबेननी मला शर्ट काढायला सांगितलं. त्यांनी छाती, काख, मान, पोट तपासलं. कुठलं औषध घेतोस का, विचारलं. माझं वय विचारलं. मग हात धुतले आणि म्हणाल्या, "कंई नथी, भाई." काहीच नाही म्हणे.

पप्पांना ते पटलं नाही. "मॅडम, नीट बघा. सोनोग्राफी करा. मी तिची गाठ पाहिलीय."

"ती गाठ कशी होती?"

"दगडासारखी. हलायची नाही."

"इसको हाथ लगाओ. हिलती है ना?" त्यांनी पप्पांचा हात धरून माझ्या छातीवर ठेवला. "वयात येताना मुलग्यांच्या अंगात बदल होतात, त्यात हे पुष्कळांना होतं. एका बाजूला होतं, कधी दोन्ही. दुखतं. हळूहळू आपोआप जातं. मुलं लाजतात, म्हणून तुम्हाला कळत नाही. काही महिन्यांनी परत दाखवा. आणि पट्टी बांधायची नाही."

पप्पा खुर्चीत मागे टेकले. पण माझं अजून एक उरलं होतं, आणि ते आता नाही विचारलं तर पुढेही विचारता येणार नव्हतं. मी जमिनीकडे बघत म्हटलं, "म्हणजे मी मुलगी होणार नाही ना?"

 डॉक्टरबेन हसल्या नाहीत. "नाही," त्या म्हणाल्या. "तू पुरुष होतोयस. शरीर त्याचीच तयारी करतंय, जरा गोंधळत."

बाहेर आल्यावर पप्पा स्कूटरजवळ उभे राहिले. किल्ली लावेनात. मग रस्त्याकडे तोंड करून रडले. बाजूने टेम्पो जात होते, कापडाच्या गठड्या घेऊन हातगाड्या जात होत्या, कोणाचंही लक्ष नव्हतं. मी त्यांच्या शर्टाचा मागचा भाग धरून उभा राहिलो. 

भीती लगेच गेली नाही. डॉक्टर खोटं तर बोलल्या नाहीत ना, हे मी कितीतरी दिवस आंघोळीत तपासत राहिलो. बिल्डिंगमधल्या मुलांनी मात्र ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. पुढच्या वर्षी कधीतरी माझ्या लक्षात आलं की बोटाला काही लागत नाहीये. नेमकं कधी गेली ते सांगता येणार नाही.

त्याच सुमाराला एका सकाळी मी मम्मीला हाक मारली आणि घशातून कोणा दुसऱ्याचाच आवाज निघाला. पुन्हा मारली, पुन्हा तसंच. गळ्यात काही झालं असेल असं वाटून मी गळा चाचपला. पप्पा दाढी करत होते. मी सरळ त्यांच्यापाशी गेलो आणि त्या फाटक्या आवाजात म्हटलं, "पप्पा, हे बघा काय झालंय."