बाईंना न ऐकू आलेला निखार

चौथीत मला शिकवणाऱ्या बाई निवृत्त झाल्यावर पक्षी मोजायला लागल्या आणि मलाही त्यांनी ओढलं. मी सावंगीच्या दवाखान्यात कागदपत्रं सांभाळतो. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही दोघं पवनारच्या पुढे, धाम नदीपलीकडच्या जंगलात ठरलेल्या पायवाटेनं जायचो. दहा ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं उभं राहून दिसलेले, ऐकू आलेले पक्षी लिहायचे आणि यादी पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला पाठवायची. बाई कानानं ओळखायच्या, आवाज आला तरच वर पाहायच्या; मी लिहायचो.

त्यांचा लाडका पक्षी निखार. चिमणीएवढा, लांब शेपटीचा, छातीवर केशरी. आवाज मात्र अगदी बारीक. मला तो ओळखायला दोन वर्षं लागली. "आयक, आत्ता. आयकलं?" बाई विचारायच्या आणि मी खोटीच मान हलवायचो. एका सकाळी खरंच ऐकू आला, तेव्हा त्यांनी पिशवीतला सगळा चिवडा माझ्यापुढे केला.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. धावड्याच्या झाडात निखारांचा थवा अगदी डोक्यावर बोलत होता. पाच मिनिटं झाली. बाई म्हणाल्या, "आज नाई निखार. चल."

लक्ष नसेल, असं वाटून मी गप्प राहिलो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मला कळलं. पण ज्यांनी मला अक्षर गिरवायला लावलं, त्यांना 'तुम्हाला ऐकू येत नाही' हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्या सांगतील तेवढंच मी लिहीत गेलो. दोन हिवाळे.

बाईंनी मात्र निखार गेल्याचं फार मनाला लावून घेतलं. उन्हाळ्यातल्या वणव्यांनी तो गेला, असं त्या म्हणायच्या. शाळांमध्ये जाऊन पोरांना सांगायच्या. शेवटी वनखात्याला पत्र लिहिलं आणि शुद्धलेखन बघायला माझ्या हाती दिलं. दुसऱ्या ओळीवरच मी पत्र खाली ठेवलं.

"बाई, निखार आहे."

"कुठी?"

"तिथंच. दर वेळी असते. तुमाले आयकू येत नाई."

त्यांनी पत्र परत घेतलं, घडी घातली.

"कवापासून?"

"दोन वर्षं झाले."

"अन् तू लिहिलं नाई. काऊन?"



मी त्यांना आमच्या दवाखान्यात कान तपासायला नेलं. बोलणं नीट ऐकू येतं, बारीक आवाज तेवढे गेले, असं डॉक्टर म्हणाले. मशीन लावून पाहिलं. बसचे हॉर्न कानात घुसायचे, पाखरू काही ऐकू यायचं नाही. मग बाईंनी स्वतःच्या हातानं संस्थेला कळवलं की आमच्या वाटेवरच्या दोन वर्षांच्या, आवाजावरून केलेल्या नोंदी धरू नका, माझे कान कामातून गेलेत. मी गप्प राहिलो, हे त्यांनी कुठंच लिहिलं नाही. त्यांनी लिहायला हवं होतं.

"डोळ्यांनी तर दिसते ना, चला," म्हणून मी त्यांना पुन्हा एकदा घेऊन गेलो. धावड्याखाली उभं राहिल्यावर माझ्या लक्षात आलं, बाई झाडाकडे पाहतच नव्हत्या. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मला काही ऐकू येतंय का, ते माझ्या चेहऱ्यावर शोधत होत्या. मला तिथं उभं राहवेना. मी वहीत मान खुपसली.

परतीच्या वाटेवर त्या म्हणाल्या, "आता तू एकटाच जात जाजो."

तसा जातो. यादी वेळेवर पाठवतो. परतताना त्यांच्या घरी थांबतो. बाई चहा ठेवतात, माझ्या आईचे गुडघे कसे आहेत विचारतात, तुरीला शेंगा कशा लागल्यात ते विचारतात. जंगलाचं त्या विचारत नाहीत. मीही सांगत नाही.