इतवारीबाईचा खराटा

"मानूस गेला तं जाऊ द्या, वाट मोडू देऊ नका."

इतवारीबाईचं हे बोलणं आमच्या गावात सगळ्यांना पाठ होतं. कोणी सूरजागडच्या खाणीवर कामाला निघो, कोणाची लेक सासरी जावो, बाई वेशीपर्यंत येऊन हेच सांगायची. एक दिवस आपणच गाठोडं घेऊन निघू, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

आमचं गाव धानोऱ्याच्या पुढे, जंगलाच्या पोटात. इतवारीबाई आणि तिचा नवरा पत्रू यांच्या नाल्याकाठी धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली लहान शेतं, होती. एका साली कापलेलं धान रचून ठेवलं आणि हत्तींचा कळप आला. त्यांनी धान तुडवलं, जाता जाता घराची भिंतही पाडली. पुढच्या साली पाऊस रुसला. गावात कोणाकडेच काम नव्हतं. पुष्कळ घरं तेलंगणात मिरची तोडायला गेली. बाकीचे उन्हाळ्यात परतले, हे दोघं मात्र तिकडच्या मालकाच्या मळ्यावरच राहिले. परतायला घर कुठे होतं? पडक्या भिंतीचं घर केव्हाच कोसळलं होतं, बांध्या कर्जात गेल्या होत्या.

गावात त्यांचं म्हणावं असं एक मोहाचं झाड तेवढं उरलं होतं. आमच्याकडे मोहाखालचा पाला जे घर झाडतं, फुलं त्या घरची. इतवारीबाईच्या सासूनं त्या झाडाखालचं रिंगण झाडलं, त्याआधी सासूच्या सासूनं.

आणि इथेच बाईची चूक झाली. निघताना मडकी, सूप, कोंबड्यांचा डालगा असं सामान तिनं शेजारच्या झिंगूकडे ठेवायला दिलं. त्यात मोहाखालचा खराटाही दिला. वाळवी लागू नये, इतकंच तिच्या मनात. पण मोहाचा खराटा दुसऱ्याच्या हाती दिला की झाड दिलं, ही आमची रीत. झिंगू आणि त्याची बायको चंदा यांनी तो मान समजून घेतला आणि पुढची दोन सालं मन लावून झाडलं.

या फागुनात बाई एकटीच आली. कोणाच्या दारी न जाता टोपली घेऊन सरळ झाडाकडे गेली. पहाटेची फुलं पडत होती. रिंगण स्वच्छ होतं आणि चंदा वाकून वेचत होती.

"काऊन बाई, मिरची सरली का?" चंदानं मान वर न करता विचारलं.

"सरली नाई. मोह पडत असन म्हनून आलो."

"पडतेच ना. दोन साल पानं आमी झाडलो, पाला जाळून धूर आमी खाल्लो, अन् बाई आली टोपली घेऊन!"

"अवं, चूप राह्य ना," पलीकडे वेचणारा झिंगू म्हणाला.

"काऊन चूप राहू? खराटा कोनं देल्ला?"

"ठेवाले देल्लो होतो चंदा. देऊन नाई टाकलो."

"मंग तसं सांगाचं होतं. तवा का तोंडात मिरची होती?"

 नवी सून म्हणून आलेल्या चंदाला ही रीत बाईनंच शिकवली होती.

तिनं रिंगणात पाय टाकला नाही. बाहेर बसली. वाऱ्यानं काही फुलं पलीकडच्या पाल्यात पडत होती. पाल्यातली फुलं कोणाचीच नसतात. एकेक पान उचलून ती शोधू लागली. एक फूल सापडलं, ते तिनं कितीतरी वेळ नाकाशी धरलं.

"तिथी मळ्यावर सपनात पडतेत हे," ती म्हणाली. "सकाळी उठून हात हुंगतो, तं मिरची."

चंदाचे हात थांबले. ऊन झाडाच्या बुंध्यावर आलं तेव्हा ती उठली आणि बुंध्याला टेकवलेला खराटा आणून बाईपुढे टाकला.

"कोंबडीवानी काय उकरून राह्यली? उगवतीची बाजू झाड. मावळतीची मी नाई सोडत."

"नको सोडू."

"अन् पुढच्या साली आली नाई, तं तेही बाजू माही. आत्ताच सांगून ठेवतो."

"येतो."

"मालकानं नाई सोडलं तं?"

बाईनं खराटा उचलला आणि झाडायला लागली. असं झाडलं, की मातीवर खराट्याच्या रेघा उमटल्या, जशा सारवलेल्या अंगणात बोटांच्या.

मोह पडत होता तोवर ती झिंगूच्या ओसरीवर राहिली. मग मळ्यावरून फोन येऊ लागले. पत्रू तिकडे एकटा होता. निघायच्या दिवशी तिच्या काखेत खराटा पाहून झिंगू हसला.

"हे कुठी नेऊन राह्यली बाई? तिथी का मोह हाय?"

"नाई ना. म्हनूनच नेतो. रोज डोयापुढं दिसन."

डोक्यावर सुकलेल्या फुलांचं गाठोडं घेऊन ती धानोऱ्याच्या बसच्या वाटेला लागली. मागे वळली नाही. मी माझ्या बांधावर उभा होतो. चंदा मोहाखाली उभी होती, कमरेच्या ओच्यात फुलं तशीच. वळणावर खराट्याची टोकं दिसेनाशी झाली, तरी ती हलली नाही. मग ती बाई गेली त्या वाटेवर आली आणि तिथं साचलेला सागाचा पाला पायानं बाजूला सारू लागली.